दुनाचा उजवा शाफ्ट

एलुनेद सिस्टर म्हणाली, थरथरते.
एलेउतेरियोने विचारलं नाही, कुठे.
विचारलं, कधी.

एस्केलहून पुढे खडीचाच रस्ता,
मागच्या सीटवर लसींची बर्फपेटी,
वारा असा की दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं.
दोन महिन्यांत चाकं तीनदा बॅलन्स झाली,
टायर नवे, पाकीट रिकामं.
आजार रेड्याला, औषध पखालीला.

ऐंशीला?
ऐंशीला. चढावर जास्त.
आणि पाय काढलास तर?

ती गप्प.
वाट पाहणाऱ्या मुलांकडे निघालेली बाई
पाय कशाला काढेल.

आधी लोकरीच्या गोदामामागचं अंगण.
स्टिअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत,
पहिला गिअर, थोडा गॅस,
आणि मी गाडीबरोबर वाकून चालतोय,
कान उजव्या चाकाशी, तोंडात धूळ.
कट् कट् कट् कट्,
कुणी दाराआड बदाम फोडतंय जणू.

वळताना बोलतो तो बाहेरचा सांधा, तो म्हणाला.
सरळ रस्त्यावर, ओझ्याखाली कापतो तो आतला.
आणि पाय काढला तरी गुणगुणत राहतं ते बेअरिंग,
त्याचं गाणं वेगळं, त्याचं बिल वेगळं.
चल, आतल्यालाही विचारू.
किल्ली त्याने माझ्याकडे फेकली.

मला वाटलं, शिकवतोय.

डांबरी रस्त्यावर साठ, सत्तर. काही नाही.
अठ्ठ्याहत्तरला तळव्यांना मुंग्या,
मग सीट, मग आरशातली बर्फपेटी,
आरशातली सिस्टरसुद्धा.
दाब, तो म्हणाला. वाढलं.
सोड.
गेलं. एकदम. वाद मिटल्यासारखं नाही,
भांडणारा उठून बाहेर गेल्यासारखं.
दाब. सोड. दाब.
उजवा हात त्याने डॅशबोर्डवर ठेवला होता,
तो काढून मांडीवर घेतला.

सोड.
माझा पाय वर. गाडी गप्प.
हात मात्र चालूच होता.
अंगठा तर्जनीवर, कणीक मळून झाल्यावर
बोटांचं पीठ काढावं तसा.
मी काट्याकडे पाहिलं. पन्नास. तीस.
रस्त्याच्या कडेला थांबलो, इंजिन बंद केलं.
वारा, आणि तो हात.

माझं उलटं आहे, तो म्हणाला.
ओझं दिलं की थांबतो,
मोकळा सोडला की सुरू.
म्हणून स्टिअरिंग तुझ्याकडे.
मला आता कळत नाही
कोणतं तिचं, कोणतं माझं.

मागे सिस्टर काहीच बोलली नाही.

परत येऊन जॅक लावला.
चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा शिडकावा,
रबरी बूट चुणीत फाटलेला,
आत खडीचा पिठासारखा बारीक चुरा.
शाफ्ट ओढून काढला, लांबडा, उजवा.
आतल्या वाटीत तीन रोलर,
तिन्हींच्या वाटांवर खाचा.
डोळ्यांना दिसल्या नाहीत आधी. नखाला लागल्या.
नख अडकलं की सांधा गेला, तो म्हणाला,
बाकी सगळी कविता.
(त्याला कवितेबद्दल एवढंच माहीत होतं.)

हातोडा त्याने उजव्याच हातात घेतला.
सर्कल्पिवर एक घाव, मोजका,
दुसरा लागलाच नाही.
हात दगडासारखा स्थिर.
हातोडा बाकावर ठेवला
आणि तो पुन्हा सुरू झाला.

तेव्हा सिस्टर उठली.
त्याचं मनगट तिने धरलं नाही, नुसतं खालून तळहात लावला,
बर्फपेटी उचलताना लावते तसा.
तिने विचारलं नाही, कुठे.
विचारलं, कधीपासून?

एलेउतेरियो फाटलेल्या बुटाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, शाफ्ट त्रेलेउहून बसने येईल,
गुरुवारी.
तोपर्यंत डावीकडे हळू वळ.

आणि मला म्हणाला, ते ग्रीस पुस,
उघड्या सांध्यावर धूळ बसते.