पाया किती खोल

दर महिन्याच्या सात तारखेला फोन येतो.
पलीकडे कुणी तरुण मुलगा, दर वेळी वेगळा,
प्रश्न मात्र तोच: "खानविलकर मॅडम, नव्या ऑर्डरी?"

मी वही उघडते.
भांडुप, सोनापूर गल्ली, गाळा नंबर अकरा,
पॉवर प्रेस आणि पत्रा कापायची यंत्रं.
सत्तावीस वर्षं माझं टेबल जिन्याखाली.
डोक्यावरून मनहरशेठच्या चपला वर जातात, खाली येतात,
आणि त्यांच्या वेगावरून मला कळतं
बँकेने काय उत्तर दिलं ते.

आकडा सांगते. तो पुढे कुठेतरी
'भांडवली वस्तूंची नवी मागणी' या मथळ्याखाली
बाकीच्या आकड्यांत विरघळतो,
आणि महिनाअखेरीस पेपरच्या आतल्या पानावर छापून येतं
की उद्योजकांचा विश्वास वाढला,
एक पूर्णांक चार टक्क्यांनी.

ऑगस्टात वाढला होता.
तळोज्याच्या कारखान्याला आग लागली, विम्याचे पैसे आले,
जळालेल्या तीन प्रेसच्या जागी त्यांनी तीन मागवल्या.
विश्वास कसला, राख झाडून उठले बिचारे.
फॉर्मात राखेला रकाना नाही.

मार्चात एका बड्या कंपनीने बारा सांगितल्या.
शेठनी पेढे वाटले.
मे महिन्यात एका ओळीच्या पत्रात नऊ रद्द.
मी लाल शाईने रेघ मारली, फोनवर विचारलं, हे कुठे सांगू?
"रद्दचं पुढच्या वर्षीपासून घेणार आहोत, मॅडम."

आणि तुस्कानो.
कैतान तुस्कानो, वसईजवळच्या गासचा, बिजागऱ्या करतो.
सहा वर्षं दर नाताळाच्या आधी येतो,
पानात बांधलेली सुकेळी माझ्या टेबलावर ठेवतो,
शंभर टनी प्रेसभोवती फेरी मारतो,
गिअरचे दात मोजतो, बैलाचे मोजावेत तसे,
कोटेशन घेतो आणि जातो.
"बाई, लोखंड जरा उतरू दे."
"बाई, पोरीचा डिप्लोमा होऊ दे."
सहा कोटेशनं, एक फाईल.
थांबणाऱ्याचीही मोजदाद कुणी मागत नाही.

यंदाचा नोव्हेंबर कोरडा गेला.
शेडमधले अर्धे दिवे शेठनी स्वतः बंद केले.
हळदणकर मिस्त्री दुपारभर
एकच पाना पुसत बसायचे.

सव्वीस तारखेला तुस्कानो आला, मुलीला घेऊन.
नव्या प्रेसकडे दोघांनी पाहिलंही नाही.
सरळ मागे गेले, ताडपत्री उचलली.
एक्क्याण्णव सालची, आमचीच,
बुडालेल्या पंख्यांच्या कंपनीतून परत आलेली.
मुलगी वाकली, क्लचमध्ये टॉर्च मारला,
दोन्ही हातांनी चाक ढकललं.
चाक कुरकुरलं. मग फिरलं.
"पप्पा, हीच."
तीस टक्के आगाऊ. चेकवर सही मुलीची,
शाई वाळेपर्यंत बाप त्यावर फुंकर घालत होता.

सात तारखेला फोन.
नियम मला पाठ आहेत:
जुनी, दुरुस्त केलेली यंत्रं धरू नयेत.
पाच लाखांखालची धरू नयेत.
"नव्या ऑर्डरी, मॅडम?"
"शून्य."
"अरेरे," तो म्हणाला,
कुणी गेल्याचं ऐकावं तसा.

मागे इद्रिस हिरव्या रंगाचा पहिला हात मारत होता,
टर्पेंटाइनचा वास जिन्यापर्यंत आलेला,
सगळे दिवे चालू.

रिसीव्हर ठेवला तोच पुन्हा वाजला.
तुस्कानोची मुलगी. मागे वारा, फावड्यांचा आवाज.
"मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमध्ये पाया साडेचार फूट आहे.
इथे तीनलाच पाणी लागलंय."

मी मिस्त्रींना हाक मारली.
ते हातातला पाना न ठेवताच आले,
दम लागलेला, कान फोनला लावून ऐकत राहिले.
मग म्हणाले, "उपसत राहा, पोरी.
मी सकाळी येतो."