बी-ट्वेल्व्हचा थेंब

छावणीत, दुसऱ्या मजल्यावर,
अकरा वाजता मी दोनशे वीस व्होल्ट लावते.
काळी वायर डावीकडे, लाल उजवीकडे.
ओल्या पट्टीवर रेमती खरतेच्या रक्ताची रेघ,
रात्रीच्या बसनं सेंधव्याहून आलेली,
बापाच्या मांडीवर झोपून.

रक्त लालकडे निघतं.
ऋण धनाकडे, हे शाळेतलंच.

पाण्याचं मला माहीत नव्हतं.
रेशिमवाले सर म्हणाले होते,
पट्टीची भिंत ऋण असते, बेटा.
धन आयन तिच्याशी खेटून बसतात,
सराफ्यात रात्री बाकड्यावर बसतात ना, तसे.
अगदी टेकलेले हलत नाहीत.
त्यांच्यामागचे, वीज लागली की
उठतात काळ्या वायरकडे,
पण एकटे उठतील तर शपथ.
शेजारचं पाणी ओढतात,
ते त्याच्या शेजारचं,
अख्खी पंगत उठते.

मी मान डोलावली. पटलं नव्हतं.
त्यांनी इंजेक्शनची कुपी फोडली,
गुलाबी थेंब ठेवला रेघेशेजारी.
"याला भार नाही. ना ऋण, ना धन.
याला कुणी बोलावलेलं नाही.
कुठे जाईल सांग."
चाळीस मिनिटांनी तो
सहा मिलिमीटर मागे होता.

तेव्हापासून रोज ठेवते.
कोण किती चाललं हे सांगायचं
तर आधी जमीन किती सरकली ते मोजावं लागतं.
रक्त पुढे जातं ते
या मागे येणाऱ्या पाण्यातून.

रंग चढला, धुतला.
दोन पट्टे. पुढे ए,
मागे रेंगाळलेला एस, थोडा फिका.

गुमानभाई दारात उभे.
"मैडम, बीमारी है के नी?"
है म्हणता येत नाही, नी म्हणता येत नाही.
रिपोर्टात लिहिते: वाहक.
लिहिताना दरवेळी पेन अडतं.
पाणी वाहतं, ओझंही वाहतात,
एवढ्या मोठ्या भाषेनं
दोघांना एकच क्रियापद दिलंय.

रेमती काउंटरवर हनुवटी टेकवून
टाकीकडे बघतेय.
"इसमें मछली नी है?"
नाही गं. पाणी चालतं यात.
ती बराच वेळ बघते.
"कां चल रिया है?"

वहीत आजची नोंद: साडेसहा.
उकाडा वाढलाय.
पाणी पातळ झालंय, जोरात आहे.