स्थळपाहणी

घर क्रमांक चारशे सतरा, रास्ता पेठ.
वेळ सकाळी साडेदहा.
हजर : मी, मुकादम शेलार, मालकांचा पुतण्या,
आणि वारसा समितीचे एक सदस्य,
ज्यांनी उंबऱ्याबाहेरच बूट काढले,
देवळात काढावेत तसे.
घरातली माणसं चपला घालूनच वावरत होती.

मडकं वाजवून घ्यावं म्हणतात.
मी इमारती वाजवून देते,
कधी ठेवायला, बहुतेकदा पाडायला.
आधी पालथ्या हाताने, मग अर्ध्या किलोच्या हातोडीने.
भरीव भिंत ठक् म्हणते आणि गप्प बसते.
पोकळ भिंत बद्द वाजते,
आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

खाली सोड्याचा कारखाना होता.
यंत्र भंगारात गेलं, ओल्या पोत्यांचा वास तेवढा उरलाय.
सदस्य वर बघत सांगत होते :
ही कमान बघा, हा घाण्यात मळलेला चुना,
गूळ, बेलफळाचं पाणी,
असं काम आता होणे नाही.
खरं होतं. मी लिहून घेतलं.
तुळईत पेन्सिल खुपसली,
ती चार बोटं आत गेली.
तेही लिहून घेतलं.

वरच्या मजल्यावर रेवाबाई परदेशी, भाडेकरू,
भाडं अठ्ठावीस रुपये,
सात बिऱ्हाडांत मिळून एक संडास, तो अंगणापलीकडे.
"आवडलं का घर?" त्यांनी सदस्यांना विचारलं.
"फार."
"मग या राहायला. मी तुमच्याकडे जाते. कुठं असता?"
"बाणेरला. अकराव्या मजल्यावर."
"लिफ्ट आहे?"
"आहे."
"मग झालं तर."
आणि माझ्याकडे वळून : "पाडा, बाई. लिहा पाडा म्हणून."

मी हातोडी उचलली
तशा त्याच म्हणाल्या,
"हळू मारा."

तिसऱ्या ठोक्याला गिलाव्याचा पोपडा सुटला
आणि विटांच्या सांध्यातून एक हिरवी गोटी पडली,
सोड्याच्या बाटलीतली.
कुणा पोरानं कधी कोंबली असेल, देव जाणे.
पडली ती थांबली नाही.
पलंगाखालून, डब्यांच्या उतरंडीला वळसा घालून,
सावकाश, मग जरा घाईने
ईशान्येच्या कोपऱ्यात जाऊन टेकली.
जमीन किती कललीय ते मोजायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं.
मी ते काढलं नाही.
सदस्य वाकले गोटी उचलायला.
"राहू द्या," रेवाबाई म्हणाल्या, "सगळं तिथंच जातं.
बटाटे, पेनं, नातवाचा चेंडू."

गुरुवारच्या बैठकीत विषय क्रमांक नऊ.
चहा आला तेव्हा आठवर होते.
एकजण म्हणाले, दर्शनी भाग ठेवू, मागं सात मजले चढवू.
म्हणजे मुखवटा, दुसरे पुटपुटले.
म्हणजे पार्किंग, पुतण्या म्हणाला, मोबाइलमधून मान न काढता.
मला तांत्रिक मत विचारलं.
दुरुस्ती होईल, मी म्हटलं.
पैसे कोण देणार, असं दोन्ही बाजू
एकाच सुरात म्हणाल्या.
त्या दिवशी एकमत झालं ते तेवढंच.
विषय तहकूब. पुरवणी अहवाल मागवावा.

तो लिहायला बसले रात्री, धायरीत,
माझ्या सहा वर्षांच्या फ्लॅटमध्ये.
टेबलामागच्या भिंतीत केसाएवढी एक चीर आहे,
कपाट सरकवून ती झाकलेली आहे.
ही भिंत मी अजून वाजवून पाहिलेली नाही.
हप्ते चौदा वर्षांचे बाकी आहेत.

शेवटचा रकाना : शेरा.
दोनच ओळींची जागा.
पहिलीत लिहिलं, उतार ईशान्येकडे.
दुसरीत लिहिलं, हळू मारावे.
मग खोडलं,
पण शाई फिकी होती,
खोडलेलंही वाचता येतंय.
नवा कागद घेतला नाही.
तसाच सादर.