सुपडूच्या बूथमध्ये

कार्ड जळगावच्या भंगारातून आणलं, साठ रुपयांत.
मागे जॉयस्टिकचं पंधरा भोकांचं तोंड,
आता जगात कुणालाच न लागणारं.
सुपडूने ते हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला,
तीन गोल भोकं मोजली आणि म्हणाला, अठ्ठ्याण्णव सालचं.
आंधळ्या माणसाशी पैज लावायची नसते.
चिपवर बारीक अक्षरांत अठ्ठ्याण्णवच होतं.

धरणगावातला हा एसटीडी बूथ त्याचा.
फोन गेले, पिवळी पाटी राहिली.
आत झेरॉक्स, अर्ज टाइप करून देणं,
आणि एक कॉम्प्युटर, जो त्याला पडदा वाचून दाखवायचा
गेल्या ज्येष्ठात वीज पडेपर्यंत.
तेव्हापासून पडदा आहे, वाचणारा गेला.
म्हणजे त्याच्या दृष्टीने कॉम्प्युटरच गेला
(दृष्टीने म्हणालो, तर हसला).

लिनक्स फुकट.
फुकट म्हणजे काय, मोबदला रात्री जागून द्यायचा.

कार्ड खाचेत बसलं. यादीत नाव दिसलं.
ड्रायव्हर आपणहून आला, एन्स तेरा एकाहत्तर,
मालगाडीच्या नंबरासारखा.
आवाज नाही.

मग कळलं, यंत्र अजून त्या जळालेल्यालाच
शून्य नंबर देऊन बसलंय.
मेलेला तो थोरला, जिवंत हा धाकटा,
आणि सगळ्या हाका थोरल्याच्या नावाने.
थोरल्याला काळ्या यादीत टाकलं.
बंद, पुन्हा चालू.
रात्री अकरालाही भिंती तापलेल्या,
पंखा लावला तर सुपडू म्हणे बंद कर,
त्याला ऐकायचं होतं.
आवाज नाही.

मी म्हणालो, मेलेलंच असणार, साठ रुपये पाण्यात.
सुपडू स्पीकरला कान लावून बसलेला.
"जित्तं शे भो. तू चालू करस तवय टक करस.
कोनीतरी तोंड दाबेल शे."

तेव्हा कुठे मी मिक्सर उघडला.
काळ्या खिडकीत उभे खांब, रिकामे,
आणि प्रत्येकाच्या पायाशी दोन अक्षरं: एम एम.
मम.
पूजेला बसलेल्या यजमानासारखं
संबंध रात्र ते कार्ड
मी म्हणेन त्याला मम म्हणत,
पळी पळी पाणी सोडत बसलं होतं.

बाण दाबत गेलो, एम दाबला.
मम पुसलं गेलं, तिथे दोन शून्यं उमटली, हिरवी.
मला ती शून्यं वाटली नाहीत.
हाक मारल्यावर माणूस देतो ती ओ, दोनदा.

चाचणी लावली. कुठल्या तरी परदेशी बाईचा आवाज:
फ्रंट लेफ्ट.
आम्ही दोघेही डावीकडे वळलो.
तिकडे माठ होता.

मग मराठी वाचणारा आवाज जोडला,
सपाट, नाकातला, स्वल्पविरामाला न जुमानणारा.
सुपडू हे नाव त्याने डूवर आपटून फोडलं.
"हाऊ कोन गावना शे?"
कुठल्याच नाही, मी म्हणालो.
"मंग याले पोर कोन दी?"

सेटिंग जतन करायचं राहिलं,
हे मला घरी, अंथरुणावर पडल्यावर आठवलं.
लाइट गेली की सगळं परत मम.
आणि पहाटे लाइट गेलीच.
सातला निघालो, माफीची वाक्यं जुळवत.

शटर अर्धं वर होतं.
आत, काहीही ऐकू येत नसताना,
माझ्या बोटांचा रात्रीचा खडखडाट आठवून
त्याने तीच बटणं त्याच क्रमाने दाबली होती,
बाण तेवढ्याच वेळा, मग एम.
कुठल्याच गावचा नसलेला तो आवाज
कुणाच्या तरी रहिवासी दाखल्याचा अर्ज वाचत होता.
महोदय, महोदय, महोदय.
सुपडू एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचून घेत होता.