सहावा रकाना

लॉ कॉलेज रोडच्या आत, टेकडीच्या पोटाशी,
जिथे मे महिन्यातही शाल पांघरून बसावं लागतं
त्या खोलीत मी जुनी रिळं तपासते.
कंत्राट अकरा महिन्यांचं.
रजिस्टरला रकाने सात:
क्रमांक, लांबी, गंज, आकस, वास,
मग सहावा: पाहण्याजोगे, होय / नाही,
आणि सही.

सहाव्यात 'होय' पडलं तरच रीळ धुतलं जातं,
त्याची प्रत निघते.
नाहीतर डबा परत मांडणीवर.
आतली फिल्म आधी मधासारखी चिकटते,
मग एक दिवस झाकण उघडावं तर
निव्वळ तपकीर.

पहिल्या महिन्यात मी भराभर 'नाही' लिहिलं.
काय होतं त्यात? हारतुरे. घोडे. हारतुरे.
कुठल्याशा गिरणीचं उद्घाटन,
टोपी काढणारा साहेब, टोपी घालणारा साहेब.
गोष्ट नाही, नटी नाही, आवाज तर नाहीच.

शिळीमकर काही बोलले नाहीत.
तेहतीस वर्षं ते हातानंच रीळ फिरवतात,
मोटर लावली की माणसं मुंग्यांसारखी पळतात म्हणून.
एकदा फक्त म्हणाले,
"साहेबाकडं कशाला बघता? कडंला बघा."

कडेला एक पोरगा
बँडवाल्याच्या पायताणाकडे टक लावून होता.
छत्रीखाली एक म्हातारा चक्क झोपला होता,
आणि त्याला कुणीच, शंभर वर्षांत कुणीच,
उठवलं नव्हतं.
मी मागचे अकरा 'नाही' खोडले.
वरून मेमो आला, खाडाखोड करू नये.

डबा चारशे बारा. चिठ्ठी गळालेली.
पोस्टकार्डाएवढ्या काचेवर
उजेड आला, मग डोंगर, मग बांध,
मग बायांची रांग, डोक्यावर पाट्या.
नाव नाही, गाव नाही, साल नाही.
शिळीमकर म्हणाले, ही आमच्या वेल्ह्याकडची माणसं,
चुंबळ बघा कशी वळलीय.
मला सगळ्या चुंबळी सारख्याच दिसल्या.
तेवढ्यात रांगेतली चौथी
नेमकी आमच्याकडे बघून थांबली,
काहीतरी बोलली, हसली,
आणि काचेबाहेर गेली.

शिळीमकरांनी रीळ मागे घेतलं.
पुन्हा बोलली. पुन्हा गेली.
सात वेळा आम्ही तिला माघारी आणलं,
पाटीसकट.

हिशेबाच्या तांबटबाई हजेरीपट घेऊन आल्या.
जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही.
आमच्या डोक्यांमधून त्यांनी काचेकडे पाहिलं,
आणि एका सुरातल्या त्यांच्या आवाजात,
जणू समोरून कुणी आत्ताच काही म्हणालं असावं तसं,
सांगून टाकलं:
"बाजूला हो रे बाबा, पाटी लागंल."

मग जरा थांबून,
"बाबा असेल, नाहीतर मामा.
पाटी असेल, नाहीतर माती.
प, ब, म... ओठ सारखेच मिटतात.
सही करा."

मी सही केली, चुकून रजिस्टरवरच.
मला वाटत होतं, ती आमच्याकडे बघतेय.
ती तर वाटेत तिपाई रोवून बसलेल्या
कुणा एकाला हाकलत होती.
आणि त्यानं, हट्टी माणूस,
हँडल फिरवणं थांबवलं नाही,
पण चित्र किंचित हललं आहे. पाहिलं मी.
वीतभर सरकला असावा.

सहावा रकाना अजून कोरा आहे.
'होय' फार तोकडं वाटतं,
आणि रकान्यात दुसरं काही मावत नाही.
शिळीमकर डबेलीला गेलेत, त्यांच्या पुतणीला
चुंबळीचं विचारणार आहेत.
तांबटबाई जेवणाच्या सुट्टीत
डबा घेऊन इकडेच येतात हल्ली,
भाकरी खाता खाता
मेलेल्या माणसांचं बोलणं बघतात,
आणि मध्येच, कशालातरी, एकट्याच हसतात.
विचारलं तर म्हणतात,
हे लिहिण्याजोगं नाही.