पद अजून रिक्त आहे

तिसरी जाहिरात काढली आम्ही काल.
किनारा संरक्षण प्रमुख, वरिष्ठ श्रेणी,
ऑल्डथॉर्प नगर परिषद, पूर्व यॉर्कशायर.
दूरदृष्टी अत्यावश्यक.

हा शब्द माझा. पहिल्या मसुद्यात
एका हाताने चहा ढवळत टाइप केलेला.
तेव्हा क्लिफ लेनवरचं शेवटचं घर
कड्यापासून नऊ मीटरवर होतं.

सात अर्ज आले.
एकाने बँक सांभाळलेली, एकीने विमानतळ.
एक गृहस्थ वाळूला सारखे 'मालमत्ता' म्हणत राहिले.
ब्लेंकिनबाईंनी त्यांना आठ गुण दिले, मी सहा.
बेरजेत ते बसले,
आमच्या पगारात बसले नाहीत.

दुसऱ्या खेपेला रॉटरडॅमहून फ्लूर टेरव्हीन.
तिला सगळंच येत होतं: लाटांचा हिशेब,
चिकणमाती कुठून ओघळते,
लंडनमध्ये कुणाच्या दारात पैशासाठी किती वेळ उभं राहायचं.
जाताना मुलाला शाळा दाखवायला घेऊन गेली.
शाळेच्या फाटकाला कुलूप होतं, कुलपाला गंज.
चौथ्या दिवशी तिचं नम्र पत्र आलं.
पाच मीटर, ऐंशी सेंटिमीटर.

आणि त्याच दुपारी नेव्हिल स्टॅदर्स,
आमच्याच तळमजल्यावरचा, ओल्या बुटांनी.
एकोणतीस वर्षं तो कड्यावर खुंट्या ठोकतो,
टेप लावतो, वहीत आकडा लिहितो.
पदवी? नाही.
किती माणसं हाताखाली होती?
"दोन पोरं. एक गाडी होती, ती परत घेतली तुम्ही."
ब्लेंकिनबाईंनी छापील प्रश्न वाचला:
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
तो खिडकीकडे वळला. मग आम्हीही वळलो.
"माझं काय सांगू, बाई.
तुमचा हा गाडीतळ मात्र पाण्यात असेल."

'नेतृत्व' या चौकटीवर मी पेन टेकवलं
आणि ठिपका पसरेपर्यंत उचललं नाही.
उत्तर बरोबर होतं.
विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं.
दोन गुण.

पदव्युत्तर पदवीची अट काढता येते, नाही असं नाही.
तिला समिती लागते, समितीला बैठक,
बैठकीला अध्यक्ष,
आणि अध्यक्ष सोळा तारखेपर्यंत माल्टात.

"आम्हाला काही विचारायचंय?" हेही छापीलच.
टोपी हातात फिरवत तो म्हणाला,
"जो कुणी येईल त्याला वह्या कुठं ठेवल्यात
ते मी सांगायचं, की तुम्ही सांगाल?
मार्चअखेर मी निघतोय."
हे टिपायला चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं: वह्या.
मग गुणपत्रिका लिफाफ्यात गेली, समासासकट.

काल जाहिरात लावली आणि घरी न जाता क्लिफ लेनला गेले.
शेवटचं घर नव्हतं.
दिवाणखान्याच्या भिंतीचा एक हिरवा तुकडा
खाली वाळूत उताणा पडलेला, खिळ्यासकट.
शेजारच्या घराला सेवाज्येष्ठतेनुसार बढती मिळालेली:
आता ते शेवटचं. खिडकीत दिवा होता,
कुणीतरी भांडी घासत होतं.

मी पावलांनी मोजायला घेतलं,
सहाव्या पावलाला धीर सुटला.
अर्जाची अंतिम तारीख एकतीस.
अकरा नंबरची खुंटी
मला कुठेच सापडली नाही.