फैजपूरला, बऱ्हाटेंच्या माडीवर

एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता,
ॲम्प्लिफायर कसला घेता,
मी जिना चढतानाच म्हणालो.
तीस वर्षं लग्नांचे भोंगे बांधलेत मी
सावद्यापासून यावलपर्यंत;
आवाज म्हणजे काय, मला शिकवता?

बऱ्हाटे काही बोलले नाहीत.
काचेच्या चार नळ्या तापू दिल्या,
मेहरूणची बोरं पुढे केली.

मग कॅसेट. माझीच,
शंभर हळदींना वाजवून झिजलेली.

बाई गाण्याआधी श्वास घेते.
हे मला माहीत नव्हतं.
तबलजीची अंगठी
डग्ग्याच्या काठाला एकदा लागते,
आणि पार मागे कुणीतरी
खाकरणं गिळतं.

कॅसेट संपली.
आठोळी गालात तशीच धरून
मी किंमत पुन्हा विचारली,
या खेपेला हळू आवाजात.